नंबराचं बारसं

द्राक्षांचा हंगाम बरा गेला की निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या अंगणांत नवी गाडी उभी राहते. जुनी कोणाला द्यायची हे आठवड्यात ठरतं. रंगावरून घरात दोन दिवस वाद होतो आणि मिटतो. शेवटी एका गोष्टीवर घोडं अडतं. थोरले अण्णा ओट्यावरून सांगतात, "गाडी कोणतीही घ्या रे पोरांनो, नंबर आपलाच पाहिजे."

या प्रकरणाचा विषय त्या 'आपलाच' शब्दात आहे. दहा वर्षं मिरवलेला, गावाने ओळखलेला, टोलनाक्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत 'अण्णांची गाडी आली' असं दुरूनच सांगणारा तो नंबर अण्णांचा आहे, की गाडीचा, की सरकारचा? गाडी बदलली की तो सोबत नेता येतो का? कायदा, परिवहन खातं आणि अण्णांचं घर या तिघांची उत्तरं तीन आहेत, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पाटीवरचा पत्ता

आधी पाटी नीट वाचू. 'एमएच' म्हणजे राज्य. '१५' म्हणजे नाशिकचं कार्यालय, पेठ रोडवरचं. मालेगावला स्वतंत्र कार्यालय मिळालं तेव्हा तिथल्या गाड्या '४१' झाल्या. म्हणून एकाच जिल्ह्यातल्या दोन भावांच्या गाड्या दोन आकड्यांच्या असू शकतात. त्यापुढची अक्षरं ही मालिका, लोकांच्या भाषेत 'सिरीज'. शेवटी चार अंक.

ही रचना आज अनादी वाटते, पण तिचं वय फार नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला आणि राज्य, कार्यालय, मालिका, अंक ही मांडणी देशभर आली. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे अंक असत. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांतल्या फियाट आणि अॅम्बॅसिडर गाड्यांवर ती अजून दिसतात.

आता थोडं गणित. एका मालिकेत ०००१ ते ९९९९ असे ९९९९ नंबर बसतात. मालिकेच्या अक्षरांत इंग्रजी 'आय' आणि 'ओ' टाळतात, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. उरली २४ अक्षरं. दोन-दोन अक्षरांच्या मालिका होतात २४ गुणिले २४, म्हणजे ५७६. याचा अर्थ असा की एकट्या 'एमएच १५'मध्ये एकच चार अंक, फक्त दोन अक्षरी मालिका धरल्या तरी, ५७६ वेळा निघू शकतात. अण्णा ज्याला 'आपला नंबर' म्हणतात, तो त्यांच्याखेरीज आणखी कितीतरी जणांचा 'आपला' आहे. नाशिकच्या द्वारका सर्कलला थोडा वेळ थांबलं तर त्यातला एखादा समोरून जाईलही.

पूर्ण नंबर मात्र देशात एकमेव असतो. कायद्याला तो पूर्ण नंबर कळतो. माणसाला शेवटचे चार अंक कळतात. पुढचा सगळा घोळ या फरकातून होतो.

कायदा म्हणतो: नंबर गाडीचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१प्रमाणे नोंदणी चिन्ह दिलं जातं ते वाहनाला. चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि हे चिन्ह यांची एकदा गाठ मारली की मालक बदलला तरी ती सुटत नाही. कलम ५० मालकी बदलण्याविषयी आहे. त्यात विकणाऱ्याने काय कळवायचं, घेणाऱ्याने काय करायचं हे सांगितलं आहे, पण नंबर तिथेच राहतो. आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव बदलतं, नंबर बदलत नाही.

गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की नंबर बदलावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथलं नवं चिन्ह घ्यावं लागतं, हे कलम ४७. बदलीच्या नोकरीवाल्यांना याचा फार जाच होई. देवळाली कॅम्पातल्या लष्करी कुटुंबांना तो चांगला ठाऊक आहे. म्हणून २०२१मध्ये 'बीएच' म्हणजे भारत मालिका आली. तीत आधी वर्षाचे दोन अंक, मग 'बीएच', मग चार अंक आणि शेवटी अक्षरं. त्या नंबराने राज्याची हद्द ओलांडली तरी चालतं. पण तोही बांधलेला आहे गाडीशीच. गाव बदललं तरी तो टिकतो, गाडी बदलली की सुटतो.

याच्या अगदी उलट वागते ती विम्यातली एक गोष्ट. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सवलत मिळते, तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते, आणि ओळीने पाच वर्षं दावा नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की ती नव्या गाडीला लागू होते. गंमत बघा. जी गोष्ट आपली आहे, ती नेता येते हे बहुतेकांना आठवत नाही, आणि ती जुन्या पॉलिसीबरोबर सोडून दिली जाते. जी आपली नाही, त्या नंबरासाठी मात्र घर जागं राहतं.

विलायतेत नंबर कपाटात ठेवतात

नंबर माणसाचा असू शकतो, असं मानणारा देश म्हणजे ब्रिटन. तिथे १९०३च्या मोटार कायद्याने नंबर सक्तीचे झाले आणि पहिल्याच फेरीत लंडनचा 'ए १' मिळवण्यासाठी चढाओढ लागली. तो मिळाला अर्ल रसेल यांना. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. त्यासाठी ते रात्रभर रांगेत उभे राहिले, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. तिचा उगम आपल्याकडे शोधायला नको.

आज तिथल्या वाहन परवाना खात्याकडे ८० पाउंड भरले की खासगी नंबर गाडीवरून उतरवता येतो. गाडीला तिच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर मिळतो आणि उतरवलेल्या नंबराचा कागद मालकाच्या हाती येतो. हा कागद दहा वर्षं चालतो, पुढे वाढवताही येतो. तेवढ्या काळात गाडी नसली तरी नंबर असतो! तो दुसऱ्याला विकता येतो किंवा भेट देता येतो. नवी गाडी आली की तिला लावता येतो. मुख्य अट ही: नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसता कामा नये. तिकडच्या नंबरातून गाडीचं वर्ष कळतं, म्हणून ही काळजी.

भारतातही काही राज्यांनी या वाटेने पावलं टाकली आहेत. दिल्ली आणि उत्तर प्रदेशात ठरावीक शुल्क भरून जुन्या गाडीचा नंबर राखून नव्या गाडीला घेण्याची सोय केली गेली. नोंदणीचा कायदा केंद्राचा, पण शुल्क आणि पसंतीच्या नंबरांचे नियम राज्यांच्या हाती. त्यामुळे एका राज्यातल्या पाहुण्याने छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट दुसऱ्या राज्यात लागू होईलच असं नाही.

पेठ रोडची वाट

महाराष्ट्रात रुळलेली वाट वेगळी आहे. इथे अण्णा जुना नंबर उचलून नेत नाहीत. नव्या मालिकेतले तेच चार अंक नव्याने विकत घेतात. जुनी गाडी आपला पूर्ण नंबर घेऊन नव्या मालकाकडे जाते आणि नव्या गाडीला नवी अक्षरं लागतात. शेजारीपाजारी म्हणतात, "अण्णांनी नंबर ठेवला." खात्याच्या नोंदीत मात्र काहीच ठेवलेलं नसतं. तिथे एक नवं गिऱ्हाईक आणि एक नवी पावती असते.

वर्षानुवर्षं ही खरेदी अशी चाले. चालू मालिका संपत आली की कार्यालय नवी मालिका जाहीर करी. इच्छुकांनी अर्ज, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि शुल्काचा डीडी घेऊन हजर व्हायचं. एका नंबराला एकच अर्ज आला तर तो त्याचा. दोन-तीन आले की लिलाव: प्रत्येकाने जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा, पाकिटं सगळ्यांसमोर फोडायची, ज्याची रक्कम मोठी त्याला नंबर. समोरच्याच्या पाकिटात किती आहे हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे अंदाज, आडाखे आणि चहाच्या टपरीवरची कुजबुज यांना तिथे भाव येई. नोव्हेंबर २०२४पासून पसंतीच्या नंबरासाठी घरबसल्या ऑनलाइन अर्जाची सोय झाली. टपरीवरची कुजबुज मोबाइलवर आली.

शुल्काचे आकडे मात्र कुजबुजण्यासारखे नाहीत. ते राजपत्रात छापलेले असतात. ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेने ते वाढले. त्याआधीची वाढ २०१३ची होती. चारचाकीसाठी ०००१चं शुल्क ३ लाखांवरून ५ लाख झालं, आणि मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागांत ४ लाखांवरून ६ लाख. दुचाकीसाठी हाच नंबर ५० हजारांवरून १ लाखावर गेला. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ या नंबरांना चारचाकीसाठी दीड लाखाऐवजी अडीच लाख पडू लागले. चालू मालिकेत हवा तो नंबर गेलेला असेल आणि दुसऱ्या मालिकेतून तो मागायचा असेल, तर तिप्पट. जास्त मागणीच्या शहरात ०००१ असा मालिकेबाहेरून घेतला तर १८ लाख होतात. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी 'थार' तेवढ्यात दारात येते.

याच अधिसूचनेने एक दार किलकिलं केलं. असा नंबर पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची मुभा दिली. पूर्वी ती नव्हती. घराला नंबर 'आपला' वाटतो, हे खात्याने इतपत मान्य केलं म्हणायचं.

लोक इतके पैसे का मोजतात, असा प्रश्न पडला तर जरा बाहेर पाहू. एप्रिल २०२५मध्ये केरळात एर्नाकुलमला '०००७' साठी ४५ लाख ९९ हजारांची बोली लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हरियाणात '८८८८' साठी बोली १ कोटी १७ लाखांवर गेली, आणि लावणाऱ्याने मुदतीत पैसे भरलेच नाहीत. दुबईत एप्रिल २०२३मध्ये 'पी ७' ही पाटी साडेपाच कोटी दिरहमना गेली, पण तो लिलाव गोरगरिबांच्या अन्नासाठी होता. त्या मानाने पेठ रोडवरची हौस बेताची आहे.

आकड्यांत दडलेली आडनावं

मराठी माणसाने या हौसेला स्वतःची एक कला जोडली होती: आकड्यांची अक्षरं करण्याची. पाटीवरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. त्यातला दोन जरासा वाकवला की 'र' होतो. एक म्हणजे काना. चारचं पोट भरलं की 'प', आणखी थोडं वळवलं की 'म'. नऊला शेपूट दिली की 'व'. मग २१४ वाचला जातो 'राम' आणि ४९१२ वाचला जातो 'पवार'. ८०५५ इंग्रजीत वाचायचा: 'बॉस'. राम काळारामाच्या नगरीत खपतो हे सांगायला नकोच. पवारांची संख्या उभ्या महाराष्ट्रात किती, हेही सगळ्यांना माहीत आहे. असे नंबर शासनाच्या खास यादीत असोत वा नसोत, लोकांच्या यादीत ते वरच असतात.

दुसरा पंथ बेरजेचा. चारही अंक मिळवायचे, पुन्हा मिळवायचे, आणि एकच अंक उरला की तो आपल्याला 'लाभतो' का ते पाहायचं. नऊ बहुतेकांना लाभतो. आठ शनीचा म्हणून काही जण टाळतात, तर काही मुद्दाम घेतात. इथे गणित एक गुपित सांगतं. ज्यांची अशी बेरीज नऊ येते, ते सगळे नऊने भाग जाणारे आकडे. ०००१ ते ९९९९मध्ये ते बरोबर ११११ आहेत, म्हणजे दर नवांतला एक. 'बॉस'ही त्यातलाच: आठ, शून्य, पाच, पाच मिळून अठरा, एक आणि आठ नऊ. तेव्हा ज्याला केवळ नऊची बेरीज हवी आहे, त्याने अडीच लाख मोजायची गरज नाही. शांतपणे साधा नंबर शोधला तरी नऊ भेटतो. पण ०००९ घेणाऱ्याला बेरीज हवी नसतेच. ती लोकांना न करता दिसायला हवी असते.

पाटीवर अक्षरं रंगवण्याची कला आता संपत आली आहे. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लागूनच येते. तीवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, निळ्या रंगात भारताची इंग्रजी अक्षरं, आणि लेसरने कोरलेला दहा आकड्यांचा कायम क्रमांक. पाटी एकदाच बसणाऱ्या कडीने ठोकलेली असते, ती काढली की कडी मोडते. आकड्यांचं वळण आणि माप ठरलेलं असतं. महाराष्ट्राने त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची केली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. नियमबाह्य पाटीला कलम १७७खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये दंड आहे. म्हणजे २१४चा 'राम' आता रंगवता येत नाही. तरीही त्याची मागणी आटली नाही. ज्याला वाचता येतं, तो सरळ २१४मध्येही राम वाचतोच.

गाडी बदलताना

तत्त्व पुरे झालं. नाशिकमध्ये गाडी बदलणाऱ्याला चार गोष्टींचा क्रम सांभाळायचा असतो, आणि तो चुकला की मनस्ताप होतो.

पहिली, नंबर नोंदणीच्या आधी घ्यायचा. नव्या खासगी गाडीची नोंदणी आता शोरूममधूनच ऑनलाइन होते, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. ही सोय चॉईस नंबरवाल्याच्या अंगाशी येऊ शकते. शोरूमने कागद पुढे पाठवले आणि क्रमाने येईल तो नंबर पडला, की मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून गाडी बुक करतानाच विक्रेत्याला स्पष्ट सांगावं, नंबर आरक्षित करावा आणि पावती त्याच्या हाती दिल्यावरच 'पासिंग करा' म्हणावं. पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांची मुभा सोडली तर पावती ज्याच्या नावे, गाडीही त्याच्याच नावे होणार हे ध्यानात ठेवावं. आरक्षणाला मुदत असते. मुदतीत गाडी नोंदवली नाही तर नंबर जातो आणि पैसेही जातात. गाडी हाती यायला महिने लागणार असतील तर घाई करू नये.

दुसरी, जुनी गाडी खरोखर नावावरून उतरवायची. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून दिले म्हणजे काम झालं, असं बहुतेक जण समजतात. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवावा. नाव बदललं की नाही हे स्वतः ऑनलाइन पाहावं. नाही तर गाडी जाते येवल्याला आणि तिच्या चुकांचं चलन येतं आपल्या मोबाइलवर. 'नंबर आपलाच' हे वाक्य मग नको त्या अर्थाने खरं होतं.

तिसरी, सोबत काय न्यायचं आणि काय सोडायचं. नो क्लेम बोनस न्यायचा. फास्टॅग मात्र त्या गाडीपुरताच असतो. जुना बंद करायचा, नव्या गाडीला नवा घ्यायचा. आणि जुन्या पाट्या आठवण म्हणून उपटून दिवाणखान्यात लावायच्या नाहीत. पाटी गाडीसोबत जाते.

चौथी गोष्ट वारसाची. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावे होते ती फॉर्म ३१ भरून. मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. वडिलांचा नंबर हवा म्हणून गाडी विकून नव्या नंबरामागे धावणाऱ्या मुलांना हे आधी कळावं. पूर्ण नंबर, अक्षरांसकट, वडिलांचाच हवा असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती गाडीच ठेवणं.

हस्तांतर नव्हे

आता अण्णांकडे परत जाऊ. नवी गाडी आली आहे. वणीच्या गडावर जाऊन सप्तशृंगीसमोर नारळ फुटलाय, बॉनेटवर झेंडूचा हार आहे. शेवटचे चार अंक जुनेच, अक्षरं नवी. जुनी गाडी आता लासलगावच्या एका व्यापाऱ्याकडे आहे आणि बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्यांशेजारी उभी असते. तिचा नंबर अजून तोच, अक्षरांसकट.

कायदा म्हणेल, इथे काहीच हस्तांतरित झालं नाही, आणि तो खरंच बोलतो. खातं म्हणेल, आम्ही एक नवा नंबर विकला, तेही खरं. पण घरात जे घडलं ते या दोघांच्या रकान्यांत बसत नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. तेव्हा आजोबांकडून काही काढून घेतलेलं नसतं. ते ओट्यावर बसलेलेच असतात. नातू वेगळा, त्याचं पुढचं सगळं वेगळं, फक्त हाक तीच. विलायतेतल्या माणसाने नंबर कपाटात ठेवला. अण्णांनी नव्या गाडीचं बारसं केलं, आणि बारशाचा खर्च दर पिढीला नव्याने होतोच.

परवा अण्णांना लासलगावच्या रस्त्यात जुनी गाडी समोरून येताना दिसली. तेच चार अंक दोन्हीकडे. अण्णांनी हॉर्न दिला. समोरच्याने ओळखलं नाही.